पूर्णविरामानंतरची मोकळी जागा

विकिस्रोतावर जुनी मराठी पुस्तकं तपासायला बसलं की डावी-उजवीकडे दोन गोष्टी दिसतात: एकीकडे मूळ पानाचं छायाचित्र, दुसरीकडे यंत्राने त्यावरून वाचलेला मजकूर. आपण तो जुळवायचा. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा पाहिलं की हिरवं. या कामात नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, छापील पानावर वाक्य संपल्यावर भलीमोठी जागा सोडलेली दिसते, ती तशीच ठेवायची का?

उत्तर सोपं आहे: नाही, एकच जागा ठेवायची. पण त्यामागचा इतिहास मला माझ्याच तालुक्यात सापडतो.

मंडणगड तालुक्यातलं वेळास आज कासवांसाठी प्रसिद्ध आहे. नाना फडणवीसांचं भानू घराणं या वेळासचं. नानांच्या काळातला पत्रव्यवहार मोडीत चाले. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. तरी वाचणाऱ्याचं अडत नसे, कारण मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं. ‘आहे’, ‘जाहले’, ‘पाठविले’ आलं की वाक्य संपल्याचं कानाला कळतं. आज अशी पत्रं छापताना संशोधकाला आधी शब्द तोडावे लागतात आणि वाक्य कुठे थांबतं ते ठरवावं लागतं. म्हणजे छापील पत्रातला पूर्णविराम नानांचा नसतो, संपादकाचा असतो.

मराठीत विरामचिन्हं रुजली ती छपाईबरोबर, एकोणिसाव्या शतकात. त्याचं मोठं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मुंबईत गणपत कृष्णाजींसारखे मुद्रक अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झाले. त्या काळच्या इंग्रजी छपाईत वाक्यानंतर शब्दांमधल्यापेक्षा रुंद जागा सोडायची रीत होती. जुन्या मराठी पुस्तकांतही ती बऱ्याचदा दिसते. अर्धविरामाच्या आणि उद्गारचिन्हाच्या आधीसुद्धा बारीक फट असते.

पण ही जागा लेखकाची नव्हती, खिळे जुळवणाऱ्याची होती. मोकळी जागासुद्धा शिशाचा तुकडाच असे, खिळ्यांपेक्षा बुटका, म्हणून त्याला शाई लागत नसे. ओळ दोन्ही कडांना घट्ट बसवायची तर जुळारी कुठे जाड तुकडा घाली, कुठे पातळ. त्यामुळे एकाच पानावर एका वाक्यानंतर बोटभर जागा आणि दुसऱ्यानंतर जेमतेम फट असते. ती मोजून उतरवण्यात अर्थ नाही. शिवाय ब्राउझर सलग दोन जागांची एकच करून दाखवतो. दुसरी जागा मोबाईलवर दिसत नाही, पण मजकुरात लपून राहते आणि शब्दसमूह शोधताना अडथळा आणते.

मात्र पूर्णविराम स्वतः अजिबात हलवायचा नाही. झिजलेल्या खिळ्यामुळे तो पुसट उठलेला असतो, कधी यंत्र त्याला शाईचा ठिपका समजून गाळतं. उलट ‘नाहीं’, ‘केलें’ यांवरचे जुने अनुस्वारही ठिपकेच; 1962 च्या लेखननियमांनी ते गेले, पण जुन्या पुस्तकात ते राहायलाच हवेत. कुठला ठिपका कशाचा, हे माणसालाच पाहावं लागतं.

एक माझंच वाक्य घ्या: ‘विहिरीवर त्यांना पाणी भरू दिले नाही म्हणायला कोणी पुढे आले नाही.’ म्हणजे अन्याय झाला आणि तो झाला असं सांगायला कोणी धजलं नाही. आता ‘दिले’नंतर पूर्णविराम द्या: ‘पाणी भरू दिले. नाही म्हणायला कोणी पुढे आले नाही.’ आता अन्याय झालाच नाही. सगळे शब्द तेच, फरक एका ठिपक्याचा.

पाण्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, तेही आमच्याच तालुक्यात. 20 मार्च 1927 ला सावित्रीकाठच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघालं. तेव्हा कोणाला पाणी मिळालं, कोणाला नाकारलं, कोण काय म्हणालं, हे सगळं अशा खिळ्यांनी जुळवलेल्या पानांवर आहे. ती पानं फोनवर शोधता येणारा मजकूर होतात तेव्हा पुढचा वाचक मूळ छायाचित्र उघडेलच असं नाही. दृष्टिहीन वाचक तर ते फोनच्या आवाजातच ऐकणार, आणि तो आवाज थांबतो पूर्णविरामावर.

म्हणून माझा नियम साधा आहे. जागा जुळाऱ्याची, ती एक करून टाकावी. ठिपका लिहिणाऱ्याचा, तो छायाचित्र मोठं करून दोनदा पाहावा. आणि मूळ पानावरच तो दिसत नसेल, तर आपल्या अंदाजाने देऊ नये. पान पिवळंच ठेवावं, शंका नोंदवावी, आणि दुसऱ्या डोळ्यांची वाट पाहावी.