लॉगिनची दहा मिनिटं कुणाची?

लास व्हेगासमधलं एक कॉल सेंटर, कंपनीचं नाव कस्टमर कॉनेक्स. तिथे तासावर काम करणाऱ्यांचा रोजचा क्रम असा होता: जागेवर बसायचं, कॉम्प्युटर सुरू करायचा, लॉगिन करायचं, मग हजेरीचा प्रोग्रॅम उघडून पंच-इन करायचं. म्हणजे हजेरीचं घड्याळ कॉम्प्युटरच्या आत आणि माणूस बाहेर ताटकळत. यात कधी थोडा वेळ जायचा, तर कधी, कामगारांच्या म्हणण्याप्रमाणे, वीस मिनिटांपर्यंतही. या मिनिटांचा पगार मिळत नव्हता. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फेडरल अपील कोर्टाच्या नवव्या सर्किटने सांगितलं की कॉम्प्युटर सुरू करणं हा या लोकांच्या कामाचाच अविभाज्य भाग आहे.

आपल्या पॉडकास्टवर कामाच्या वेळेचा विषय निघाला की गिरणीचा भोंगा हमखास येतो. भोंग्याची एक गोष्ट चांगली होती. तो बाहेर वाजायचा आणि सगळ्या चाळीला ऐकू यायचा. आजचा भोंगा लॉगिनच्या पलीकडे आहे. तुमच्यातले बरेच जण कॅम्पसवर आठवड्याचे वीस तास काम करतात, कुणी छोट्या ऑफिसात काम करतं. म्हणून दोन प्रश्न एकत्र बघू या. लॉगिनला एवढा वेळ का लागतो? आणि तो वेळ कुणाच्या खात्यावर मांडायचा?

गंमत म्हणजे लॉगिनचा जन्मच वेळ वाचवण्यासाठी झाला. १९६० च्या सुमाराला कॉम्प्युटर वापरायचा म्हणजे पंचकार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि उत्तरासाठी काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. एखादा स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा तेवढंच थांबणं. एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही पद्धत करून दाखवली. एकच मशीन अनेकांमध्ये इतक्या झपाट्याने फिरवायचं की प्रत्येकाला ते आपलंच वाटावं. पण मशीन सामायिक झालं की कुणाच्या फायली कुठल्या आणि कुणी किती वेळ वापरला, हे कळायला हवं. म्हणून नाव आणि पासवर्ड आले.

अॅलन शेर हे तिथले संशोधक विद्यार्थी. त्यांना आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरायचे नाहीत. १९६२ मध्ये त्यांनी सगळ्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यातला वेळ वापरला. कॉम्प्युटरच्या इतिहासातली ही पासवर्डची बहुधा पहिली चोरी. चोरी पैशाची नव्हती, गुपितांचीही नव्हती. मिनिटांची होती. लॉगिन आणि वेळेचा हिशेब ही पहिल्यापासून जुळी भावंडं आहेत.

पुढचा टप्पा आला तो दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले तेव्हा. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रयत्न केला. एल गेलं, ओ गेलं आणि पलीकडचं मशीन कोसळलं. सुमारे तासाभराने लॉगिन झालं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरचा हा पहिला संदेश. तेव्हा नेटवर्कवर झालेलं पहिलं काम लॉगिनचं होतं आणि पहिला बिघाडही लॉगिनचाच. कारण साधं आहे. एकट्या मशीनवर लॉगिन म्हणजे दार उघडणं. नेटवर्कवर लॉगिन म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी विचारणं आणि त्याच्या उत्तराची वाट बघणं.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न लगेच आला. आर्पानेटवर कुठल्या नावाचं मशीन कुठल्या पत्त्यावर आहे, याची एकच यादी होती. ती सांभाळायचं स्टॅनफर्डच्या त्याच संस्थेतलं माहिती केंद्र, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली. नवीन मशीन जोडलं की ऑफिसच्या वेळेत तिथे फोन करून नाव नोंदवायचं. जाळं वाढलं तशी ही यादी झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. एक यादी सगळ्यांनी उतरवून घेण्याऐवजी प्रत्येक संस्थेने आपापली नावं सांभाळायची आणि कुणी विचारलं की उत्तर द्यायचं. फोन उचलणाऱ्या माणसांचं काम मशीनकडे गेलं. पण आपापली नावं नीट सांभाळणारा कुणीतरी प्रत्येक संस्थेत असेल, हे गृहीत धरलं गेलं.

त्याच वर्षी एमआयटीत डीईसी आणि आयबीएमच्या मदतीने प्रोजेक्ट अथिना सुरू झाला. विद्यार्थ्याने कॅम्पसवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसावं आणि त्याला त्याच्याच फायली दिसाव्यात, अशी कल्पना. पण कुणीही बसू शकेल अशा मशीनवर विश्वास कसा ठेवायचा? यातून कर्बेरॉस तयार झालं. ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं हे नाव. इथे पासवर्ड तारेवरून पाठवत नाहीत. मध्यवर्ती सर्व्हर तुम्हाला ठरावीक मुदतीचं तिकीट देतो आणि ते दाखवून पुढची कामं होतात. जुनं तिकीट चोरून कुणी पुन्हा वापरू नये म्हणून विनंतीवर वेळेचा शिक्का असतो. त्यामुळे सगळ्यांची घड्याळं जुळलेली असावी लागतात. विंडोजमध्ये ही सूट साधारणपणे पाच मिनिटांची असते.

पाच मिनिटं कमी वाटतात का? १९०६ मध्ये हिंदुस्थानाची प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ सोडायला नकार दिला आणि शहरात कितीतरी वर्षं दोन वेळा सुखाने नांदल्या. कर्बेरॉसच्या राज्यात असं शहर एक दिवसही चाललं नसतं.

आता हे सगळं छोट्या ऑफिसात कसं पोचलं ते बघा. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बाजारात आलं, सोबत अॅक्टिव्ह डिरेक्टरी. त्यात सर्व्हर शोधायला डीएनएस आणि ओळख पटवायला कर्बेरॉस. हजारो विद्यार्थ्यांच्या कॅम्पससाठी आणि देशभरच्या जाळ्यासाठी रचलेली ही यंत्रणा आठ टेबलांच्या दाताच्या दवाखान्यात किंवा टॅक्स भरून देणाऱ्या ऑफिसात येऊन बसली. यंत्रणा आली, पण एमआयटीतला कर्मचारीवर्ग सोबत आला नाही. जो त्यातल्या त्यात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’, त्याच्याच गळ्यात ते काम पडतं. आपल्या मुलांना हा अनुभव नवा नसावा.

अशा ऑफिसातला सगळ्यात नेहमीचा बिघाड असा. इंटरनेट कंपनीचा माणूस नवीन राउटर बसवून जातो. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला सांगतो की नावं मला विचार, किंवा बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक डीएनएसला विचार. सकाळी कॉम्प्युटर विचारतो, आपल्या ऑफिसचा सर्व्हर कुठे आहे? बाहेरच्याला ऑफिसमधलं काय माहीत! तो सांगतो, असं नाव नाहीच. कॉम्प्युटर मग दुसऱ्या जुन्या वाटांनी शोधत बसतो. शेवटी विंडोज मागच्या वेळी जपून ठेवलेल्या खुणेवरून तुम्हाला आत घेतं. म्हणून तक्रार कधीच ‘लॉगिन होत नाही’ अशी नसते, ‘होतं, पण रखडतं’ अशी असते. पूर्ण बंद पडलं असतं तर दुपारपर्यंत कुणीतरी दुरुस्त केलं असतं. रखडतं म्हणून वर्षानुवर्षं तसंच राहतं.

बरेच जण यावर एक उपाय करतात: पहिला डीएनएस ऑफिसचा आणि राखीव म्हणून दुसरा बाहेरचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण तसं नाही. ऑफिसच्या सर्व्हरला उत्तर द्यायला उशीर झाला की कॉम्प्युटर बाहेरच्याकडे वळतो, आणि ‘नाव नाही’ हे उत्तर त्याला अंतिम वाटतं. मग तो इतरांना पुन्हा विचारत नाही. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरना फक्त ऑफिसचाच डीएनएस द्यायचा आणि बाहेरच्या नावांची चौकशी त्या सर्व्हरने पुढे करायची, हा खरा उपाय.

उशिराचं मूळ शोधायचं तर मोबाइलवरचं स्टॉपवॉच पुरतं. आठवडाभर वेळ लिहून ठेवा. सगळ्यांना रोज जवळजवळ तेवढाच उशीर होत असेल, तर कुणीतरी न येणाऱ्या उत्तराची वाट बघतंय. बंद झालेल्या जुन्या सर्व्हरवरचा ड्राइव्ह किंवा प्रिंटर हे त्यातलं नेहमीचं कारण. जुन्या विंडोजमध्ये असा एक प्रयत्न सोडून द्यायला सुमारे एकवीस सेकंद लागत: तीन, सहा आणि बारा अशा तीन वाटा बघण्यांची ती बेरीज. उशीर माणसागणिक वेगळा आणि महिन्यागणिक वाढता असेल, तर काहीतरी ओझं वाहिलं जातंय. बहुतेक वेळा ती ‘कुठेही बसा, तुमच्या फायली दिसतील’ या अथिनाच्या स्वप्नाची किंमत असते, कारण डेस्कटॉपवर साठवलेले सगळे फोटो आणि व्हिडिओ रोज सकाळी तारेवरून आणले जातात. आणि एकाच कॉम्प्युटरवर तिकिटाचा गोंधळ होत असेल, तर त्याचं घड्याळ बघा. आतला बटणासारखा सेल संपला की ते भरकटतं.

आता त्या मिनिटांचा हिशेब. १९४६ मध्ये मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स पॉटरी या कारखान्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने फाटकापासून कामाच्या जागेपर्यंत चालण्याचा वेळही कामाचाच धरला. दाव्यांचा पूर आला. मालकवर्ग हादरला आणि १९४७ मध्ये काँग्रेसने पोर्टल-टू-पोर्टल कायदा करून कामाआधीच्या आणि नंतरच्या तयारीचा वेळ बऱ्याच अंशी पगारातून वगळला. तेव्हापासून वाद एकाच जागी अडलेला आहे: ही तयारी आहे की कामच आहे?

ऑक्टोबर २०२१ मध्ये नेलनेट कंपनीच्या कॉल सेंटरच्या खटल्यात दहाव्या सर्किटने सांगितलं की लॉगिन हे कामच, आणि दिवसाची दोन-अडीच मिनिटं रोज जात असतील तर ती किरकोळ म्हणून सोडता येत नाहीत. कस्टमर कॉनेक्सच्या निकालात कोर्टाने तर्क साधा ठेवला. ज्यांचं सगळं काम कॉम्प्युटरवर आहे, त्यांनी तो सुरू केल्याशिवाय काम होऊच शकत नाही. किरकोळपणाचा प्रश्न मात्र त्या वेळी खालच्या कोर्टाकडे परत गेला. हे निकाल त्या त्या सर्किटपुरते बंधनकारक आहेत आणि तासावर काम करणाऱ्यांबद्दलचे आहेत, हे लक्षात ठेवायला हवं.

पण मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. दोन मिनिटं फुकट असतील, तर ती दोनाची दहा झाली तरी ऑफिसला काही फरक पडत नाही. बिघाड कुणाच्याच वहीत खर्च म्हणून दिसत नाही, मग दुरुस्तीला तंत्रज्ञ कोण बोलावणार? तीच मिनिटं पगारात आली की राउटरचं सेटिंग अचानक सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. लॉगिन रखडण्याचं कारण बरेचदा तांत्रिक असतं, पण ते रखडत राहण्याचं कारण हिशेबाचं असतं.

म्हणून ती आठवडाभराची नोंद जपून ठेवा. तारीख, सुरू केल्याची वेळ, आत गेल्याची वेळ. तंत्रज्ञाला ती बिघाड शोधायला उपयोगी पडेल. आणि टाइमशीटवर सही करणाऱ्या बाईंशी किंवा साहेबांशी बोलायची वेळ आली, तर तिथेही तीच नोंद उपयोगी पडेल.