देवाच्या नावासाठी

गेल्या प्रायश्चित्तकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, ''फादर, देव तर पवित्रच आहे. मग त्याचे नाव पवित्र व्हावे, असे आपण प्रभूच्या प्रार्थनेत रोज का मागतो?'' त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर पुस्तकी होते. पुढे यहुदी इतिहासाचे वाचन पुन्हा हाती घेतले, तेव्हा ध्यानात आले की, या एका विनंतीमागे दोन हजारांहून अधिक वर्षांची, अश्रूंनी व रक्ताने भिजलेली परंपरा उभी आहे.

ज्या समाजात प्रभू येशू जन्मला, त्या समाजात या परंपरेला 'किद्दुश हाशेम' म्हणतात. 'हाशेम' म्हणजे 'ते नाव', अर्थात देवाचे नाव, आणि 'किद्दुश' म्हणजे पवित्रीकरण. तिचे मूळ लेवीय ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात आहे. देव स्वतः पवित्रच आहे. परंतु जगात त्याचे नाव उजळते किंवा मलिन होते, ते त्याच्या माणसांच्या आचरणामुळे. नाव मलिन करणे यास 'हिल्लुल हाशेम' अशी संज्ञा असून ते अतिघोर पातकांत गणले जाते.

इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास अंतियोख एपिफानेस या राजाने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि सुंता व शब्बाथ यांवर बंदी घातली. त्या छळाची हकिकत मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. हा ग्रंथ यहुदी धर्मशास्त्रात नाही, आपल्या बायबलात आहे. नव्वद वर्षांच्या एलाजार शास्त्र्यावर डुकराचे मांस खाण्याची सक्ती झाली. जुन्या ओळखीच्या अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सुचविले की, त्याने आपल्याला चालणारे मांस आणावे आणि राजाज्ञा पाळल्याचे केवळ सोंग करावे. म्हाताऱ्याने नकार दिला. एलाजार नव्वदाव्या वर्षी बाटला, असे तरुणांना वाटले तर त्यांची वाट चुकेल, एवढीच त्याची चिंता होती. त्याने मरण पत्करले. पुढच्याच अध्यायात सात पुत्र आणि त्यांची माता त्याच वाटेने जातात.

परंतु यहुदी शास्त्र्यांनी मरण स्वस्त केले नाही, हे विसरता कामा नये. आज्ञा दिल्या त्या माणसाने जगावे म्हणून, असा त्यांचा सिद्धांत. दुसऱ्या शतकात लोद नगरातील एका माडीवर जमलेल्या शास्त्र्यांनी निर्णय दिला की, जीव वाचविण्यासाठी कोणतीही आज्ञा मोडावी. अपवाद तीनच: मूर्तिपूजा, निषिद्ध लैंगिक संबंध आणि मनुष्यहत्या. मात्र धर्माचाच छळ चालू असेल, तर पायताणाच्या बंदासारख्या क्षुल्लक रीतीसाठीही ठाम राहावे, असे मत तालमूदात नोंदलेले आहे.

त्याच शतकात, इ. स. १३५ च्या सुमारास, रोमनांनी रब्बी अकिवा यांना ठार केले. तालमूद सांगतो की, लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात असताना 'शमा' या प्रार्थनेची वेळ झाली आणि ते ती म्हणू लागले. शिष्यांना ते सहन होईना. गुरू त्यांना म्हणाले की, देवावर सर्व जिवाने प्रीती करण्याची आज्ञा आपल्याला कधी पाळता येईल, याची तळमळ जन्मभर होती. आता ती संधी आली आहे. देव 'एक' आहे, हा शब्द लांबवीत असतानाच त्यांचा प्राण गेला. कोकणातल्या आपल्या मराठीभाषक बेने इस्राएल बांधवांनी इतर बरेच काही विस्मरणात गेले असताही जपून ठेवली ती हीच 'शमा', असे त्यांची परंपरा सांगते.

इथवर छळणारे परके होते. यापुढे आम्हांला मान खाली घालावी लागते. १०९६ च्या मे महिन्यात, पहिल्या क्रूसयुद्धाच्या वेळी, वस्त्रांवर क्रूस शिवलेल्या टोळ्या ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांवर तुटून पडल्या. श्पायरच्या बिशपांनी बहुतेकांना वाचविले. पण वर्म्स व माइन्झ येथे बिशपांच्या वाड्यांत आसरा घेतलेलेही मारले गेले. बाप्तिस्मा किंवा मरण, एवढाच पर्याय होता. कित्येक आईबापांनी आपली मुले स्वहस्ते मारून मग स्वतःचा अंत केला. हे धर्माला धरून होते काय, याविषयी त्यांच्या शास्त्र्यांमध्येही पुढे मतभेद झाले. आम्ही त्यावर निवाडा करणार नाही. ज्यांच्या हाती क्रूस होता, त्यांचा निवाडा आधी व्हायला हवा.

आणि हे सारे दूरदेशीच घडले असे नाही. १५६३ साली औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी घराण्यातला होता. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होते. तो १५६८ मध्ये वारला. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून धर्मन्यायालयाने १५६९ मध्ये त्याची बहीण कातारीना हिला गोव्यात जाळले. १५८० मध्ये गार्सियाची हाडेही उकरून जाळण्यात आली. देवाच्या नावाचे रक्षण करतो आहोत, असे जाळणाऱ्यांना वाटत होते. ते नाव त्या दिवशी कोणी मलिन केले, हे आपण ओळखले पाहिजे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने १९६५ मध्ये यहुदीद्वेषाचा निषेध केला आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २६ मार्च २००० रोजी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली, ती याच जाणिवेने.

मात्र किद्दुश हाशेम केवळ मरणात नाही. शिमोन बेन शेताह या गुरूसाठी शिष्यांनी एका परधर्मीयाकडून गाढव विकत घेतले. त्याच्या गळ्यात मोती निघाला. शिष्य हर्षभरित झाले. आता गुरूंचे कष्ट संपणार! गुरूंनी विचारले, ''मालकाला हे ठाऊक होते काय?'' नव्हते. ''तर मग परत करा.'' मोती हाती पडताच त्या परक्याने शिमोनच्या देवाची स्तुती केली. गुरूंना जगातल्या कोणत्याही लाभापेक्षा तीच हवी होती.

पुढच्या वर्गात आम्ही त्या मुलाला ही गाढवाची गोष्ट सांगितली. तो क्षणभर थांबून म्हणाला, ''म्हणजे फादर, ती विनंती आपण देवाजवळ करतो, पण काम आपल्यालाच करायचे असते.'' आम्हांला त्यात काही भर घालावीशी वाटली नाही.