वलूरकाच्या भिंतीवरचं ‘दतो’

मळवलीला लोकलमधून उतरा आणि वेहेरगावची वाट धरा. एकवीरेच्या दर्शनाला निघालेल्या कोळी कुटुंबांबरोबर पायऱ्या चढा. देवळाला लागूनच कार्ल्याच्या चैत्यगृहाची दर्शनी भिंत आहे. तिच्यावर तळवा टेकवा आणि सुमारे 1900 वर्षं मागे या.

देऊळ नाही, घंटा नाही. छन्नीचे घाव ऐकू येतात, दगडाची भुकटी पापण्यांवर बसते. या डोंगराला लोक वलूरक म्हणतात. आत एका खांबावर ब्राह्मी अक्षरं आहेत: धेनुकाकटच्या यवन सिहधयाचा ‘थंभो दानं’. यवन, म्हणजे परमुलखातला, म्हणवणाऱ्या माणसाने दिलेला खांब, आणि नोंद आपल्या प्राकृतात!

बाहेर नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख पाहा. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव ‘दतो’, म्हणजे दिलं. या दोन अक्षरांपाशी थांबा. याच काळात रोममध्ये दिलेल्या वस्तूला ‘दातुम’ म्हणतात. इटालियन माणूस आजही ‘दातो’ म्हणतो, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘दादो’. त्यांचं ‘देणे’ म्हणजे ‘दारे’ किंवा ‘दार’. फ्रेंचांनी मात्र ‘दार’ सोडून ‘दोने’ घेतलं. ते आलं लॅटिन ‘दोनुम’वरून, आणि ‘दोनुम’ हे आपल्या ‘दान’चं सख्खं भावंड. तुमच्या खिशातल्या फोनचा डेटासुद्धा त्याच ‘दातुम’चं अनेकवचन आहे.

कल्याण बंदरातून रोमशी व्यापार चालायचा, पण हा शब्द गलबतातून आलेला नाही. तो प्राकृत आणि लॅटिन या दोघींनाही एकाच, कितीतरी जुन्या पूर्वज भाषेकडून मिळाला. मला या भिंतीचं अप्रूप वाटतं ते त्यामुळेच. संस्कृतचं आणि लॅटिनचं नातं आपण पुस्तकात वाचतो. इथे ते मावळच्या कातळात, एका गावाच्या व्यवहारात कोरलेलं आहे.

काळात आणखी थोडं पुढे सरका. सातवाहनांचं राज्य आलंय. त्याच गावाबद्दल नवी राजाज्ञा त्याच भिंतीवर कोरली जातेय, आणि तिच्यात क्रियापद आहे ‘ददाम’, म्हणजे आम्ही देतो. लॅटिनमध्ये ‘दामुस’, स्पॅनिशमध्ये ‘दामोस’. ‘आम्ही’ सांगणारा म तिन्हींकडे शाबूत. आज्ञा ज्या अमात्याला आहे त्याचं ठाणं मामाळ, आणि ज्या प्रांतात हे गाव येतं तो मामाळाहार. मावळ हे नाव त्यातूनच आलं.