क्षयरोगाच्या निबंधांची मोजदाद

एखाद्या रोगानें वर्षाकाठीं किती माणसें दगावलीं हें मोजण्याची चाल जुनी आहे. त्या रोगावर जगांत किती निबंध लिहिले गेले, ते कोणीं लिहिले व कोणत्या देशांत छापले गेले, हें मोजण्याची कल्पना मात्र त्या मानानें अलीकडची. प्रथमदर्शनीं हा उद्योग रिकामपणाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु आयुर्वेदानें ज्याला राजयक्ष्मा म्हटलें त्या क्षयाच्या बाबतींत ही मोजदाद बरीच बोलकी ठरली आहे, आणि कांहीं ठिकाणीं चांगलीच फसवीहि.

या हकीकतीचा आरंभ वॉशिंग्टन येथें होतो. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, आणि लष्करी वैद्यकखात्याच्या कचेरींतील एका लहानशा ग्रंथसंग्रहाची व्यवस्था डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे आली. विद्यार्थिदशेंत अपस्मारावर प्रबंध लिहितांना माहितीसाठीं ग्रंथालयें धुंडाळून ते मेटाकुटीस आले होते. तो त्रास ते विसरले नाहींत. ग्रंथ जमविण्याबरोबरच नियतकालिकांतील लेख विषयवार नोंदविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. जानेवारी १८७९ मध्यें डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साह्यानें 'इंडेक्स मेडिकस' ही मासिक सूची निघूं लागली, आणि पुढल्याच वर्षीं ग्रंथालयाच्या महासूचीचा पहिला खंड बाहेर पडला. पहिल्या मालेचे १६ खंड पुरे होण्यास १८९५ साल उजाडलें.

हेच बिलिंग्ज १८८० च्या अमेरिकन खानेसुमारीच्या कामांतहि होते. आंकड्यांची हमाली यंत्राकडून करून घेतां येईल, असें त्यांनीं हर्मन होलेरिथ या तरुण इंजिनिअरापाशीं बोलून दाखविलें, आणि त्यांतूनच पुढें छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचें गणनयंत्र जन्मास आलें. १९६४ सालीं 'इंडेक्स मेडिकस' संगणकाच्या साह्यानें तयार होऊं लागली, तेव्हां बिलिंग्ज यांचीं दोन मानसापत्यें एका छपराखालीं आलीं असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सूची निघून तीन वर्षें झालीं, आणि २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यांनीं बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र-मंडळापुढें क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. येथेंच मोजणाऱ्याची पहिली फसगत होते. तोंपर्यंत फुप्फुसाचा क्षय 'थायसिस' या नांवानें, मानेच्या गांठी 'स्क्रोफ्युला' या नांवानें व त्वचेवरील विकार 'ल्यूपस' या नांवानें ओळखला जात असे. हे सारे एकाच जंतूचे प्रताप आहेत हें कॉख यांच्यानंतर ठरलें, आणि मग 'ट्यूबरक्युलोसिस' हें एकच नांव हळूहळू सर्वत्र रूढ झालें. जो केवळ तेवढाच शब्द शोधील त्याला निबंधांत झालेली वाढ खरी किती व केवळ नामकरणाची किती, हें उमगणार नाहीं.

दुसरी फसगत अधिक करुण आहे. १८९० सालीं कॉख यांनीं क्षयावर उपाय सांपडल्याचें सूचित केलें; तेंच ट्यूबरक्युलिन. रोग्यांची व डॉक्टरांची बर्लिनकडे एकच रीघ लागली. पेशानें डॉक्टर असलेले कॉनन डॉयल हेहि तेथें गेले व साशंक मनानें परतले. युरोपांतील वैद्यकपत्रें या औषधाच्या वृत्तान्तांनीं भरून गेलीं. परंतु १८९१ च्या आरंभींच फिर्शो यांनीं मृत रोग्यांच्या शवपरीक्षेवरून त्याचा अपाय दाखवून दिला, आणि ट्यूबरक्युलिन पुढें निदानापुरतेंच उरलें. निबंधांचा आंकडा अशा प्रसंगीं संशोधनापेक्षां माणसांच्या आशेचेंच माप दाखवितो.

पुढें १८९९ सालीं पैशाअभावीं 'इंडेक्स मेडिकस' बंद पडली, ती कार्नेगी संस्थेच्या आश्रयानें १९०३ सालीं पुन्हा निघाली. मधल्याच काळांत, १९०१ सालीं, लंडनच्या क्षयपरिषदेंत गाईंच्या क्षयापासून माणसाला फारसें भय नाहीं असें कॉख बोलले व मोठा वाद माजला. तो वाद मोजूं जाणाऱ्याला सूचीचीं पानें कोरींच मिळतात.

मोजदादीचें शास्त्र त्यानंतर आकारास आलें. १९१७ सालीं कोल व ईल्स यांनीं तुलनात्मक शरीररचनाशास्त्रावरील तीन शतकांचें वाङ्मय मोजलें. १९२२ सालीं ह्यूम यांनीं केंब्रिज येथें या विषयावर व्याख्यानें दिलीं. आणि १९४८ सालीं आपल्या रंगनाथन यांनीं ग्रंथालयांच्या कामीं संख्याशास्त्र आणण्याची सूचना इंग्लंडमध्यें मांडली.

नियतकालिकांच्या नांवांतहि हा इतिहास उमटला आहे. १९१७ सालीं निघालेल्या 'अमेरिकन रिव्ह्यू ऑफ ट्यूबरक्युलोसिस' नें स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड आल्यानंतर, १९५९ सालीं, आपल्या नांवांतून क्षय अजिबात काढून टाकला. श्रीमंत देशांपुरता प्रश्न सुटला होता. १९९३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेला क्षय ही जगावरील आपत्ति असल्याचें जाहीर करावें लागलें.

२००७ ते २०१६ या दशकाच्या मोजणींत अमेरिका, भारत, चीन, ब्रिटन व दक्षिण आफ्रिका हीं राष्ट्रें आघाडीवर दिसतात. भारताचें नांव त्यांत असलें तरी जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा याच देशांत आहे, हें ध्यानांत घेतल्यास समाधान आवरतें घ्यावें लागतें. शिवाय या सूचींचा ओढा इंग्रजीकडे असतो.

आणि प्रत्येक निबंधाचें वजन सारखें कोठें असतें? मद्रास येथें १९५६ सालीं स्थापन झालेल्या क्षय-चिकित्सा केंद्रानें १९३ गरीब रोगी निवडून कांहींना आरोग्यधामांत, तर कांहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरींच तींच औषधें वर्षभर दिलीं. गुण जवळजवळ सारखाच आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत १९५९ सालीं नव्वदांहून अधिक पृष्ठांचा हा वृत्तान्त छापला गेला, आणि रोग्याला घरापासून महिनोगणती दूर ठेवण्याची पद्धत मागें पडूं लागली. कोष्टकांत त्याची नोंद एक.

मुंबईच्या एका लेखनाच्या वांट्याला तेवढेंहि आलें नाहीं. हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणारा क्षय जडलेल्या चार रोग्यांविषयीं एक छोटेंसें पत्र अमेरिकेंतील एका वैद्यकपत्राकडे धाडलें. तें डिसेंबर २०११ मध्यें प्रसिद्ध होतांच देशभर खळबळ उडाली. ७ मे २०१२ रोजीं भारत सरकारनें प्रत्येक क्षयरोग्याची खबर देणें खाजगी डॉक्टरांवरहि बंधनकारक केलें. अनेक मोजण्यांत मात्र पूर्ण निबंध तेवढे धरतात. पत्रें गाळून टाकतात.