हस्तनिर्मित साबणावरील नक्षीकाम : परंपरेच्या दाव्याचा ऐतिहासिक विचार

हस्तनिर्मित साबण अनेकदा ‘पारंपरिक’ म्हणून विकला जातो. प्रस्तुत निबंधात या दाव्याचा विचार केला आहे. शाहूवाडीसारख्या सह्याद्रीलगतच्या तालुक्यात न्हाण्याधुण्याची जुनी साधने म्हणजे रिठा व शिकेकाई. त्यांचा फेस सॅपोनिन या नैसर्गिक द्रव्यामुळे येतो. साबण मात्र तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या रासायनिक संयोगातून बनतो. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोलस लेब्लाँ यांनी मिठापासून सोडा बनविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे कारखान्यांतील स्वस्त सोड्यामुळे साबण सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. मुंबईत १९१८ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण आणला.

केकवरील आयसिंगप्रमाणे साबणावर काढली जाणारी नक्षीही याच रसायनावर अवलंबून आहे. न उकळता केलेले मिश्रण घट्ट होऊ लागताच नोझल लावलेल्या पिशवीतून वड्यांवर फुले काढतात. विलंब झाल्यास ते नोझलमध्येच थिजते. पुढे वड्या ४ ते ६ आठवडे वाळवतात. नक्षीही साबणाचीच असते.

सारांश, येथे हात कारागिराचा असला तरी सोडा कारखान्याचा आहे. या कलेचे मोल तिच्या कौशल्यात आहे, प्राचीनतेत नव्हे. ‘पारंपरिक’ हे विशेषण तिला सरसकट लावल्यास रिठा-शिकेकाई ओळखणाऱ्या, गोळा करणाऱ्या लोकांचे ज्ञान इतिहासातून पुसले जाते.