चॅप्लिनने कापलेली कुऱ्हाड

आजचा विषय इतिहासाचाच, पण सुरुवात घरातून करतो.

मध्यंतरी आम्ही तिघा मित्रांनी ऑफिसातल्या वैतागावर एक छोटी विनोदी फिल्म केली. शूटिंग दोन रविवारांत उरकलं. एडिटिंग काही संपेना. गाडी एका शॉटवर अडली होती. फायलींचा ढिगारा कोसळतो आणि कारकून थोडक्यात वाचतो. तेवढं जमवायला अख्खी दुपार गेलेली. मित्र म्हणत होता, काढून टाक. मी म्हणत होतो, इतकी मेहनत घेतलीय, कसा काढू?

तेव्हा मला १९१६ सालची एक कुऱ्हाड आठवली.

त्या वर्षी २६ वर्षांच्या चार्ली चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीशी करार केला. वर्षाचे ६,७०,००० डॉलर आणि दोन-दोन रिळांच्या १२ फिल्म. त्यातली सातवी 'बिहाइंड द स्क्रीन'. चार्ली हा फिल्म स्टुडिओतला हरकाम्या, नाव डेव्हिड. त्याचा मुकादम गोलायथ, म्हणजे धिप्पाड एरिक कॅम्पबेल. गोलायथ झोपा काढणार, डेव्हिड डझनभर खुर्च्या पाठीवर घेऊन साळिंदरासारखा फिरणार. आणि तो जरा टेकला की नेमका तेव्हाच साहेब येणार! आळशी कोण ठरतो, हे सांगायला नकोच.

याच फिल्मसाठी चॅप्लिनने एक भारी शॉट घेतला होता. तो चालत येतो आणि कुऱ्हाड अगदी पायाला चाटून खाली पडते. खरं तर तो शॉट उलटा घेतला होता. कुऱ्हाड आधीच जमिनीत रुतलेली, ती वर उचलायची आणि चार्लीने मागे मागे चालायचं. चाल सुलट वाटली पाहिजे, म्हणून प्रत्येक पाऊल मोजून मापून.

आणि एवढं करून तो शॉट फिल्ममध्ये नाही!

१९८३ साली केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी 'अननोन चॅप्लिन' ही मालिका केली, त्यात ही टाकून दिलेली रिळं जगाला दिसली. टेकमागून टेक. लक्षात घ्या, एडिटिंगचं मूव्हिओला यंत्र १९२४चं. १९१६ साली पट्टी उजेडासमोर धरायची, कात्रीने कापायची, चिकटवायची. आपल्यासारखं 'अनडू' नाही. तरी हा माणूस बिनदिक्कत कापत होता.

का कापला असेल? मला वाटतं, कुऱ्हाड बघून आपला श्वास अडकतो, पण त्यात अन्याय नाही. खुर्च्या वाहून दमलेला माणूस टेकतो आणि बोलणी खातो, यात आहे. कामाच्या जागेवरचा विनोद तिथून येतो.

हे मी मित्राला सांगितलं. आमची गोष्ट मुळात त्याचीच. दिवसभर राबून पाच मिनिटं चहाला बसला आणि कामचुकार ठरला होता. तो म्हणाला, "अरे, माझ्या अंगावर फायली कधी पडल्याच नव्हत्या. मी चहा पीत होतो."

मी गप्प बसलो. शॉट काढला. मग चहाचा कप तोंडाशी नेण्याआधीचा क्षण दोन सेकंद वाढवला आणि त्याच्यावर लगेच दारातले साहेब जोडले.

पहिल्यांदा दाखवली तेव्हा लोक तिथेच हसले. मित्रही हसला, जरा उशिराने.

तुम्हीही काही कापत बसला असाल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!