लष्करातली जुनी दारे

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, पण छावणीचे ‘लष्कर’ हे नाव शहराला चिकटले ते कायमचेच. या वाड्यांच्या दगडी कामाचे कौतुक आपल्याकडे नेहमी होते. दारांकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहिलेच तर गणेशपट्टीला हात जोडण्यापुरते.

इथली हवा लाकडाची परीक्षा घेते. ज्येष्ठात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत. आणि श्रावणात सगळे दमट. लाकूड कितीही वाळलेले असो, हवेतला ओलावा ते घेते आणि सोडते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, पडतो तो रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात शांत. तरी फूटभर रुंदीची फळी उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते.

जुन्या सुतारांनी याची सोय करून ठेवली होती. झडपेच्या उभ्या-आडव्या पट्ट्या कुसू आणि भोक करून घट्ट जोडायच्या, पण मधली फळी खोबणीत नुसती सरकवायची. तिला खिळा नाही की सरस नाही. दोन झडपांमधली फट झाकणारी उभी पट्टीही एकाच झडपेला ठोकलेली असे. उन्हाळ्यात दार खडखडले की लहानपणी आम्ही म्हणत असू, दार म्हातारे झाले.

आमचा वाडा वाटण्यांनंतर पडला, तेव्हा दारे वजनावर गेली. एक झडप आम्ही हट्टाने ठेवून घेतली आणि गणपतीच्या सुट्टीत तिचा सुतारी बाक केला. फळी हलते म्हणून खोबणीत सरस भरला आणि लोखंडी सांगाड्याला चारी बाजूंनी स्क्रूने आवळली. पदविकेच्या अभ्यासात लाकडाचे आकुंचन-प्रसरण आम्ही पाठ केले होते, हे सांगायला आज लाज वाटते. भाद्रपदात फुगलेली फळी आम्ही जखडून ठेवली होती. पुढच्या ज्येष्ठात एका रात्री ‘काड्’ असा आवाज झाला. सकाळी पाहतो तो फळी मधोमध उभी चिरली होती. कित्येक उन्हाळे पाहिलेली फळी आमच्या हाती एकही टिकली नाही.

लष्करातल्याच एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. ते रागावले नाहीत, त्यामुळे अधिकच वाईट वाटले. त्यांनी खोबणीतला सरस पटाशीने खरवडून काढला. पुढची कड सांगाड्याला पक्की ठेवली आणि मागच्या बाजूची स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट केली, म्हणजे मागची कड सरकायला मोकळी. चिरेला खालून आडवी पट्टी बसवली, तीही एकाच बाजूला स्क्रू मारून.

आता ज्येष्ठात त्या चिरेत पत्रिकेचा कागद सहज जातो. गणपती बसतात तेव्हा जात नाही.